करमतं का?

सकाळचे साडेदहा वाजले की आळंदीतल्या आमच्या गल्लीत आवाज येतो, "रामकृष्ण हरी, माउली!" मी तव्यावरची भाकरी उतरवते आणि दाराशी जाते. धोतर, तीन बटणांचा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळाला गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्याला झोळी असा बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा असतो. झोळीत भाकऱ्या-पोळ्या, हातातल्या कडीच्या डब्यात कालवण. आधीच्या तीन घरांची मेथी, वांग्याचा रस्सा आणि वरण एकाच डब्यात गेलेलं असतं, त्यावर माझी आमटी. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला दारात आलेला मुलगा नवा दिसला. "कुठला रे बाळा तू?" "जिंतूरकडचा." "करमतं का इथं?" त्यानं आधी पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं, मग म्हणाला, "आता करमतंय. आधी लई दिवस नव्हतं करमत."

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ती आळंदीतच अभियांत्रिकी शिकते आणि एका सत्रापुरती जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावी गेली होती. आमच्या पट्ट्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, मर्सिडीज-बेंझच्या गाड्याही तिथंच बनतात, आणि मोशी-भोसरीच्या घरांतली मुलं जर्मन भाषेचे क्लास लावू लागली. तिलाही मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मावशी, खोलीत नाही करमत. स्वयंपाकघरात करमतं."

तिचं हे बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. परमुलखात शिकायला गेलेलं पोर कशानं रुळतं, कशानं खचतं, याबद्दल मिळेल ते मी वाचत गेले, आणि वाचताना डोळ्यांसमोर भाची जितकी होती तितकाच तो जिंतूरचा मुलगाही होता.

आपलं 'करमणं' हे क्रियापद मोठं नेमकं आहे. 'मी करमतो' असं कुणी म्हणत नाही. 'मला करमतं' असंच म्हणतो. ठरवून, मनाचा हिय्या करून करमत नाही. आजूबाजूच्या माणसांनी, जागेनं, दिवसाच्या रहाटीनं ते घडवावं लागतं. युरोपातल्या वैद्यांनी याच गोष्टीला आजार मानलं होतं. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं योहानेस होफर या तरुण वैद्यक विद्यार्थ्यानं प्रबंध लिहिला आणि 'परतणं' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. आज आपण तो जुन्या गाण्यांच्या संदर्भात वापरतो, पण होफरच्या लेखी ते दुखणं होतं. त्याच्या प्रबंधातला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला विद्यार्थी होता. पोराला ताप भरला, काळजाची धडधड वाढली, तो मरणार असंच सगळ्यांना वाटू लागलं. शेवटी त्याला घरी न्यायचं ठरलं. निघायची तयारी दिसताच त्याला हुशारी वाटू लागली आणि बर्न गाठायच्या आतच तो बरा झाला. बर्न ते बाझल म्हणजे साधारण आळंदीहून नगरला जाण्याइतकं अंतर. परमुलूख किलोमीटरवर ठरत नाही. जिंतूरच्या पोराला आळंदी परकी वाटायला पासपोर्ट लागत नाही.

आळंदी हे विद्यार्थ्यांचं गाव आहे, हे यात्रेला येऊन जाणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. या विद्यार्थीपणाची मोठी मुहूर्तमेढ १९१७ मध्ये रोवली गेली. त्या वर्षी विष्णुबुवा जोग यांनी इथं वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. जोग महाराज (१८६७–१९२०) मूळचे पुण्याचे, तालमीत घुमलेले, आजन्म ब्रह्मचारी. कीर्तनकारानं आधी ग्रंथ नीट अभ्यासावेत आणि कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत, हा त्यांचा आग्रह होता, आणि असे कीर्तनकार घडवायचे तर मुलांना एका जागी ठेवून शिकवायला हवं, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्यामागं बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर अशा शिष्यांनी हे काम पुढं नेलं. सोनोपंत म्हणजे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. महाविद्यालय आणि आळंदीची ओसरी या दोन्ही जगांत सारख्याच मोकळेपणानं वावरणारा असा दुसरा माणूस मला माहीत नाही. अभ्यासक्रम चार वर्षांचा. गीता, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, अमृतानुभव, विचारसागर यांचे पाठ, सोबत गायन आणि मृदंग. आता गावात अशा लहानमोठ्या संस्था कितीतरी आहेत आणि बीड, परभणी, नांदेड, बुलढाण्याकडची मुलं धर्मशाळांच्या खोल्यांतून राहतात. त्यांना इथं साधक म्हणतात.

प्रत्येकाचा संसार म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. पहाटे काकडा, मग पाठांतर, संध्याकाळी हरिपाठ. एका दालनात पंधरा-वीस जण झोपतात, त्यामुळे 'माझी खोली' हा शब्दच तिथं नाही. मी एकदा एका धर्मशाळेत काही कामानं गेले होते, तेव्हा पाहिलेलं आठवतं. ओसरीच्या एका टोकाला दोन मुलं परातीत कणीक मळत होती, पोळ्यांसाठी. दुसऱ्या टोकाला एक मुलगा वाटीत कणीक भिजवत होता, तीही गव्हाचीच, पण पखवाजासाठी. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे धुमेवर, ओली कणीक थापावी लागते. तिच्या वजनानं आवाज खाली उतरतो आणि तो भरदार घुमारा येतो. वादन झालं की ती खरवडून काढायची. मुलगा थापून एक थाप मारी, कान लावी, चिमूटभर कणीक काढी, पुन्हा थाप मारी. पोळ्यांच्या परातीवरचा एक जण तिथूनच ओरडला, "अजून जड हाय रे!" नव्या पोराला आळंदीची बोली, आळंदीचे ताल आणि आळंदीची माणसं त्या ओसरीवर एकदमच शिकायला मिळत होती.

घरोघरी अन्न मागायच्या माधुकरीचंही तेच. मधुकर म्हणजे भुंगा. तो एका फुलाला ओरबाडत नाही, थोडा थोडा रस सगळीकडून घेतो. एका घरावर भार पडू नये म्हणून पाच घरी जायचं. यातली काटकसर सगळ्यांना दिसते, पण तिच्यामुळं ओळखी होतात हे दाराच्या आत उभं राहणाऱ्या माझ्यासारखीला जास्त कळतं. महिनाभरात त्या मुलाला ठाऊक होतं की कोपऱ्यावरच्या वाड्यात कुत्रं आहे, पलीकडच्या आजींना कमी ऐकू येतं म्हणून दोनदा हाक मारायची, आणि सोमवारी माझ्याकडं उपासाची भगर असते. पुण्यात गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत आणि शिकत, तेव्हाही हेच होत असणार. अन्नासाठी ज्याला रोज कुणाच्या तरी उंबऱ्याशी जावं लागतं, त्याला गाव अनोळखी ठेवूच शकत नाही.

युरोपातही विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांची सुरुवात याच्या फार जवळची आहे. ११८० मध्ये जेरुसलेमच्या यात्रेवरून परतणाऱ्या लंडनच्या एका गृहस्थानं पॅरिसच्या ओतेल-द्यू या रुग्णालयातली एक खोली गरीब विद्यार्थ्यांसाठी विकत घेतली. अठरा जणांची सोय, दानपेटीतून दरमहा थोडे पैसे, आणि त्या बदल्यात रुग्णालयात वारलेल्यांच्या अंत्ययात्रेपुढं क्रूस आणि पवित्र पाणी घेऊन चालायचं. पॅरिस विद्यापीठातल्या कॉलेजांचा इतिहास या अठरा खाटांपासून सुरू होतो. इटलीत बोलोन्याला तर १३६४ मध्ये कार्डिनल अल्बोर्नोझ यांनी खास स्पेनहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज स्थापन केलं आणि ते आजही चालू आहे.

पण त्यासाठी इतकं दूर कशाला जायचं? आमची इंद्रायणी लोणावळ्याकडच्या डोंगरात उगम पावते आणि आळंदीला पोहोचायच्या आधी भाजे-कार्ल्याच्या खोऱ्यातून वाहते. भाज्याची लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथल्या विहारात शिरून पाहावं. भिंतीत कोरलेल्या लहान लहान खोल्या, खोलीत दगडाचाच ओटा, तोच बिछाना. आणि या सगळ्या खोल्यांची दारं एका सामायिक दालनात उघडतात. कार्ल्याच्या चैत्यगृहावर नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचा लेख आहे. करजिक नावाचं गाव त्यानं दिलं ते वालूरकच्या, म्हणजे इथल्याच, लेण्यांत पावसाळ्याचा वास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी, आणि त्यात पंथाचा किंवा मूळ ठिकाणाचा भेद केलेला नाही. चारी दिशांनी येणाऱ्या कुणाचीही पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून एका गावाचं उत्पन्न लावून दिलं होतं. आजच्या भाषेत त्याला वसतिगृहाची शिष्यवृत्ती म्हणावं लागेल.

नालंदाही अशीच बांधलेली. मधे अंगण, अंगणात विहीर, चहूबाजूंनी खोल्या. चीनहून आलेला इत्सिंग सातव्या शतकात तिथं सुमारे दहा वर्षं राहिला, आणि परदेशी विद्यार्थी घरच्यांना जे जे कळवतो ते सगळं त्यानं लिहून ठेवलं: दात कसे घासतात, जेवायला कसं बसतात, हात कधी धुतात. सकाळी घंटा झाली की कधी शंभर, कधी हजार भिक्षू एकदम मठातून निघून जवळच्या तळ्यांवर आंघोळीला जात, अशी त्याची नोंद आहे. त्याच्या आधी आलेल्या ह्युएन त्संगला रोज फळं, सुपाऱ्या, जायफळं, कापूर आणि महाशाली नावाचा मोठ्या दाण्याचा सुवासिक तांदूळ मिळे. इतक्या मोठ्या पंडिताच्या चरित्रात तांदळाची जात नोंदवावी लागली, यावरून घरापासून लांब असलेल्या माणसाच्या आयुष्यात जेवणाची जागा किती मोठी असते ते कळतं.

लहान खोली आणि मोठं दालन, हा आराखडा दोन हजार वर्षं टिकला त्याचं कारण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जवळजवळ मोजूनच दाखवलं गेलं. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वेस्टगेट या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास करून १९५० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. विवाहित विद्यार्थ्यांना घरं मिळत होती ती आवडीनिवडी पाहून नव्हे, तर रांगेनुसार. तरीही शेजारच्या दारातल्या माणसाला जवळचा मित्र म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्के निघालं आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल ते १० टक्क्यांवर आलं. अंतर काही पावलांचंच होतं. जिना कुठं आहे, टपालाच्या पेट्या कुठं आहेत, यावरूनही ओळखी ठरत होत्या. येता-जाता वाट एकमेकांना छेदली की माणसं बोलतात. म्हणून मला वाटतं की नळ, चूल आणि जिना या वसतिगृहाच्या गैरसोयी नव्हेत, त्याचे अवयव आहेत. हल्ली पुण्याभोवती उभी राहणारी विद्यार्थिनिवासं पाहते, तेव्हा खोलीलाच न्हाणीघर, दाराशी पार्सल, मोबाईलवर धुलाईची नोंदणी असा सगळा थाट दिसतो आणि मला त्या आतल्या पोरांची काळजी वाटते. त्यांना कुणाच्या समोरून जावंच लागत नाही.

भाचीचंही आधी तसंच झालं होतं. जर्मनीतली विद्यार्थी वसतिगृहं बहुधा सरकारी पाठबळावर चालणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थांकडं असतात. खोली दहा-बारा चौरस मीटरची, एकटीची. स्वयंपाकघर मजल्यावरच्या दहा जणांत एक. फ्रिजमधला एक कप्पा आणि कुलपाचं एक कपाट प्रत्येकाच्या वाट्याचं. पहिले तीन आठवडे ती किटलीत पाणी उकळून, घरून नेलेलं तयार उपम्याचं मिश्रण भिजवून खोलीतच खात होती. दिवसभराचं परकं बोलणं, परके नियम यांनी ती थकून जाई आणि दार लावून घेई. एका रविवारी तिला फोडणीच्या वरणाची इतकी आठवण झाली की ती स्वयंपाकघरात गेली. मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरची करपली, दार उघडंच राहिलं आणि धूर बाहेरच्या बोळात गेला. छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. दहाही दारं उघडली. मेक्सिकोच्या मुलीनं पळत येऊन खिडक्या सताड उघडल्या, एका कोरियन मुलानं स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घातला, भाची रडकुंडीला येऊन माफी मागत राहिली. भोंगा थांबला. मग मेक्सिकोच्या मुलीनं पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे, वास फार चांगला येतोय. त्या रात्री पाच जण वरण-भात जेवले. मिरची करपली की डोळ्यांत पाणी येणं मेक्सिकोत आणि आळंदीत सारखंच आहे, हे त्यांना तिथं कळलं.

परदेशी विद्यार्थ्यांची मैत्री तीन वर्तुळांत घडते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉख्नर यांनी १९७७ मध्ये केली: आपल्या देशाची माणसं, यजमान देशाची माणसं आणि आपल्यासारखेच दुसरीकडून आलेले. पहिलं वर्तुळ धीर देतं, दुसरं कामं मार्गी लावतं, तिसऱ्यात जीव रमतो. आळंदीच्या पोराची तीन वर्तुळं म्हणजे गाववाले, आळंदीकर आणि ओसरीवरचे बाकी साधक. एकच वर्तुळ धरून राहिलं की अडचण होते. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवरून सांगितलं, की सुरुवातीची उमेद मधे खाली येते आणि मग हळूहळू सावरते. पुढं काहींनी या आलेखावर शंका घेतल्या, कारण पुष्कळांचा पहिलाच आठवडा सगळ्यात वाईट असतो. आईबापांनी मात्र एवढं लक्षात ठेवावं, की पोर विमानतळावर हसत होतं म्हणून दोन महिन्यांनी ते हसत असेलच असं नाही.

नियमही वसतिगृहात माणूस रुळवतात, हे भाचीकडून ऐकून मला पटलं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. मिक्सर नाही, खिळा ठोकणं नाही, काचेच्या बाटल्या टाकणंही नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीमागं २५ सेंट आधीच कापलेले, बाटली परत केली की हातात. राहायला गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. आणि श्टुटगार्टकडच्या त्या श्वाबेन मुलखात 'केरवोखे' नावाची जुनी रीत आहे: जिना आणि अंगण झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं घराघरांवर फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. 'वोखे' म्हणजे आठवडा, आणि 'केर'चा अर्थ झाडणं. आपला केर आणि त्यांचा केर हा निव्वळ योगायोग, पण पाटी स्वतःच्या दाराला लागली तेव्हा भाचीला पहिल्यांदा वाटलं की आपण इथं पाहुणे नाही. पाहुण्याला कुणी केर काढायला सांगत नाही.

भाची गेली ते एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं, कारण पालक खर्चाच्या धास्तीनंच मागं सरतात. दोन संस्थांत करार असतो. विद्यार्थी शुल्क आपल्याच महाविद्यालयाला भरतो, तिकडचं शिक्षणशुल्क सहसा माफ असतं आणि तिकडं मिळवलेले श्रेयांक इकडं धरले जातात. राहण्याजेवण्याचा आणि प्रवासाचा खर्च मात्र आपला. युरोपात याला मोठं रूप आलं ते १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेनं; पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते.

एका गोष्टीबद्दल मला आमच्याच गावाला बोलायचं आहे. सामायिक जागा माणूस घडवते, पण तिच्यावर लक्ष नसेल तर तिथंच मूल मोडतं. आळंदीतल्या काही खासगी निवासी ठिकाणी मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे गेल्या काही वर्षांत नोंदले गेले आहेत. जर्मनीतल्या वीस वर्षांच्या मुलीला भाडेकरार, तक्रारीची जागा आणि कुलपाचं कपाट मिळतं. बारा वर्षांच्या पोराला आपण नुसता विश्वास देतो. तेवढ्यावर भागत नाही. संस्थेची नोंदणी आहे का, किती मुलांमागं किती संडास, रात्री मुलांजवळ कोण झोपतं, पिण्याचं पाणी कुठून येतं, मुलाला घरी फोन एकट्यानं करता येतो का, हे विचारायला लाजू नये. इंद्रायणीवर कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याचा पांढरा फेस तरंगताना पाहून मी पाण्याचा प्रश्न आधी विचारते. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, तेव्हा मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. दुसऱ्याच्या पोरांना सांभाळायचं म्हणजे काय, हे या मातीत माहीत होतं.

भाची फेब्रुवारीत परत आली. तिच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एक कपाट होतं, जाणाऱ्यांनी मागं ठेवलेल्या वस्तूंचं. तिला त्यातून एक जाड बुडाचं पातेलं मिळालं होतं, कुणाचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तिनं आपली फोडणीची पळी आणि मोहरीचा अर्धा डबा तिथं ठेवला आणि डब्याला जर्मन, इंग्रजी आणि मराठीत चिठ्ठी चिकटवली: फोडणी करताना दार बंद ठेवा.

यंदा वारी परतल्यावर जिंतूरचा मुलगा पुन्हा दारात आला. आवाज फुटला होता, धोतर नीट नेसलं होतं. त्याच्यामागं अर्ध्या उंचीचा एक पोरगा झोळी सावरत उभा होता. "हे घर," मोठ्यानं त्याला सांगितलं, "डबा पुढं कर. सोमवारी इथं भगर असती." मी आमटी घातली आणि लहानग्याला विचारलं, "करमतं का रे?" तो अंगठ्याकडं बघत राहिला. उत्तर मोठ्यानंच दिलं. "अजून नाही, माय. नवा हाय. माझ्या शेजारीच निजतो."